पाळ तोडून आणलेला दगड

माझा मोठा भाऊ लक्षद्वीपच्या एका बेटावर शाळेत हिंदी शिकवायचा. आमच्या दिघोरीत तेव्हा कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून मी जरा जास्तच मिरवायचे. बाकीच्या पोरींचे भाऊ फार तर नागपूरला! मी पत्र लिहून हट्ट धरला, की येताना समुद्रातलं पांढरं पोवळं आण, फांद्यांचं, शोकेसमध्ये ठेवायला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं ट्रंकेतून ते काढलं. अख्खी गल्ली पाहायला लोटली. मी तर अशी फुगले की विचारू नका.

तेवढ्यात बाबा तलावावरून आले. गावच्या तलावाची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, राखायचं काम त्यांच्याकडे होतं. कुठं पाझर फुटला, कुठं खेकड्यानं बीळ केलं, सगळं तेच पाहायचे. पाळीची टोपलीभर माती कोणी घरी नेली, तर त्याला दहा टोपल्या परत टाकायला लावत, मग तो सख्खा साळा का असेना. त्यांनी पोवळं हातात घेतलं आणि हा दगड निघाला कुठून, एवढंच विचारलं.

भाऊ कौतुकानं सांगू लागला. हे बारीक जिवांनी बांधलेलं असतं, बेटाभोवती समुद्रात त्याची भिंतच आहे. लाटा बाहेर फुटतात, आत पाणी निवांत. बेट म्हणाल तर पाण्यापासून माणसाच्या उंचीएवढंच वर. लोक चुन्यासाठी ही भिंत फोडतात. त्यात हवा तापत चालली आहे, समुद्र चढेल, पाणी गरम होऊन हे जीवही मरतील, असं त्याचे हेडमास्तर कुठंसं वाचून सांगत.

बाबांचा चेहरा उतरला. भर पुरात पाळीवर उभा राहणारा माणूस, त्याला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"म्हणजे पाळ तोडून आणली तू," ते म्हणाले. "आता भरशीन कशानं?"

भरता येत नाही, भाऊ म्हणाला. वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

"अन् पाणी चढलं तं मान्सं कुठं पळतीन?"

"पळायले जागाच नाही, बाबा."

भाऊ तिथंच राहत होता, आणि भिंत तोडायला मी सांगितलं होतं.

मग रोज जेवताना बाबांचं एकच: जाऊ नको बाबू, इथंच जवळ लाखांदुरात मास्तरकी पाह्य. मीही त्यांचीच री ओढायचे. भाऊ खाली मान घालून जेवायचा. सुट्टी संपली तसा त्यानं ट्रंक भरली. एसटीच्या थांब्यावर माझा धीर सुटला. मीच मागितलं होतं, माझं चुकलं, पण तू जाऊ नको, म्हणून मी रडायला लागले.

"तू मांगतलं, पण तोडलं मीनं, बाई," तो म्हणाला. "तिथं सारेच तोडतात, म्हनून मीनंबी तोडलं. त्या भिंतीच्या आडोशानं माह्या वर्गातले पोट्टे झोपतात, हे बाबानं इचारलं तवा माह्या डोक्यात आलं. मी नाही गेलो तं तोडू नका म्हनून त्याईले कोन सांगन?"

बाबा शेजारीच उभे होते. एसटी आली तशी त्यांनी ट्रंक स्वतः टपावर चढवून दिली. जाऊ नको, हे त्या दिवशी ते म्हणाले नाहीत. त्यांनी म्हणावं म्हणून मी शेवटपर्यंत त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.