बारशाआधीचं नाव

सोलापूरच्या भवानी पेठेत देवळाच्या सभागृहावर आमच्या बायकांच्या गटानं ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लावली, तेव्हा मल्लव्वा ती वाचून थेट आत आली. म्हणाली, “उपदेशच करायचाय ना? जमतंय की मला. घरात तेच करते!”

आम्हाला हे काम शिकवायला एका संस्थेकडून येणाऱ्या महेश्वरी मॅडमनी तिला शिकवलं ते नेमकं उलटं. इथं उपदेश करायचा नाही, समोरचीचं ऐकून घ्यायचं. मल्लव्वाला हे फार जड गेलं. माहेर अक्कलकोटकडचं, बोलणं निम्मं कानडी निम्मं मराठी, आणि तोंडाला विसावा नाही. शेवटी तिनंच उपाय काढला. बोलायची उबळ आली की गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरायचं आणि मनात शिवाचं नाव घ्यायचं. कधी मूठ सुटायची आणि उपदेश व्हायचाच. तरी बायका तिच्याच शेजारची जागा धरायच्या. दुसरीचं ऐकताना हिच्याच डोळ्यांना पाणी यायचं.

एका गुरुवारी बजाबाई सुनेला, अंकिताला, जुळे सोलापूर भागातून रिक्षानं घेऊन आल्या. अंकिताची मुलगी जन्मल्यावर आठवडाभरातच गेली होती. तेव्हापासून पोरगी धड जेवत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती. बजाबाई घाबरून गेल्या होत्या. अंकिताला काही विचारलं की उत्तर त्याच द्यायच्या.

“लई समजावलं बघा. म्हटलं, दुसरं हुईल की. पण तोंड उघडंल तर शपथ.”

मल्लव्वानं अंकिताचा हात हातात घेतला. “तंगी,” तिनं धाकट्या बहिणीला मारावी तशी कानडीत हाक मारली, “नाव काय होतं लेकीचं?”

बजाबाईच म्हणाल्या, “आवं, बारसंच झालं न्हाय. नाव कुटलं?”

मल्लव्वाचा चेहरा उतरला. “अय्यो, चुकलं गं माझं. ध्यानातच नाही आलं,” म्हणाली आणि लिंग मुठीत गच्च धरून बसली.

“उत्कर्षा,” अंकिता म्हणाली.

आवाज बसलेला होता. “पोटात होती तेव्हाच ठरवलं होतं मी. घरात कुणी नसलं की हाक मारायचे. लाथ मारायची ती.”

बजाबाई बघतच राहिल्या. “मला कदी बोलली न्हाईस गं.”

“कसं बोलू, आई? तुम्ही सगळे दुसऱ्या बाळाचंच बोलत होता.”

बजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, “उत्कर्षा... चांगलं हाय की नाव.” आणि अंकिता त्यांच्या मांडीवर डोकं टेकून हमसून रडली. तिला कुणी गप्प केलं नाही.

पुढच्या गुरुवारी अंकिता एकटीच आली. आतल्या खोलीत मॅडमशी पुष्कळ वेळ बोलत बसली. ती बाहेर येईपर्यंत मी मल्लव्वाला म्हटलं, “अगदी बरोबर प्रश्न विचारलात हं त्या दिवशी.”

“कसलं बरोबर! चुकून गेलं तोंडातून. सिद्धेश्वरानं सांभाळलं.”

तेवढ्यात अंकिता बाहेर आली. चप्पल घालता घालता थांबली. “मल्लव्वा, पुढच्या गुरुवारी तुम्ही असाल ना?”

“असते की. डबा आण, सोबत जेवू. आणि हे बघ, रोज सकाळी उठून...”

“मल्लव्वा, मूठ!” आम्ही सगळ्या ओरडलो. अंकिता हसली.