पाळण्यावरचे पाढे

आमच्या घरातली शाळा सकाळी सव्वासात वाजता सुरू झाली आणि साडेसातला पहिला किस्सा घडला. तेव्हापासून ते साठतच गेलेत. माठाखाली ओल साठते ना, तसे!

धुळ्याजवळच्या आमच्या गावात मुलींची शाळा नाही, एकच आहे ती मुलांची. माझ्या कमळला सातवं लागलं, तेव्हा असोद्याहून माझ्या आईनं पाटी पाठवली. सोबत निरोप: "पोरीला घरात बसवून ठेवू नको." मी सातवी पास. म्हटलं, आपणच शिकवू. सासरे, म्हणजे आबा, एवढंच बोलले, "दिवाळीनंतर मास्तरनी लिधी तं जाई शाळामा. नही तं घरमा पाळना शेच!"

मास्तरांनी घेतली नाही, तर पोर पाळणा हलवायला जुंपली जाणार; त्या पाळण्याचीच मला धास्ती. त्यात बाळू तान्हा, दगडू तीन वर्षांचा, आणि त्यांच्या मधोमध माझी शाळा.

*

पहिल्याच दिवशी मी भाकरी उलटून येते तोवर दगडूनं पाटीवरची पेन्सिल खाल्ली. अख्खी! मी घाबरून त्याच्या तोंडात बोट घातलं. सासूबाई जात्यावरून उठल्यासुद्धा नाहीत.

"खाऊ दे वं! इद्या पोटमा तं गयी!"

*

पेन्सिल गेली, म्हणून काठवटीत बाजरीचं पीठ पसरून त्यात बोटानं अक्षरं काढू लागलो. मी पाणी घालायला गेले की कमळ ओरडायची, "आई, माझा 'ख' मळू नको!"

संध्याकाळी कमळचे वडील ताट ओढून विचारायचे, "आज कोणतं अक्षर जेवायचं?"

*

शाळा चालू असेतो मला 'बाई' म्हणायचं, असा नियम केला. एकदा कमळ हात वर करून उभी राहिली.

"बाई, आईकडे जाऊन येऊ? भूक लागली."

"जा."

ती चुलीपर्यंत गेली आणि तिथून वळून म्हणाली, "आई, बाईंनी सोडलं. गूळ-भाकरी दे!"

*

पाढ्यांना वेळच मिळेना. मी भांडी घासायची आणि कमळनं पाळण्याची दोरी ओढायची, तेवढ्यात काय ते पाढे. दोरी ओढली की 'सात एके सात', सैल सोडली की 'सात दुणे चौदा'. पुढे बाळू त्याशिवाय डोळाच मिटेना. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "तुझ्या पोराला अंगाई नको, हिशेब लागतो!"

*

दिवाळी झाली. बाळूला कडेवर घेऊन मी मुलांच्या शाळेच्या दारात उभी, आबा आत, मास्तरांसमोर. कमळनं वाचून दाखवलं, लिहून दाखवलं. मास्तर म्हणाले, "आता सातचा पाढा."

कमळ इकडेतिकडे बघू लागली. बाळूनं भोकाड पसरलं.

"येत नाही का?"

"येतो. पण मास्तर, दोरी कुठंय?"

"कसली दोरी?"

मग आबांनी खाकरून डोक्यावरच्या फेट्याचा शेव सोडला आणि तिच्या हातात दिला. "ले, धर!"

कमळनं ओढलं. सात एके सात! आबांची मान पुढे. सात दुणे चौदा! मान मागे. सात दाहे सत्तरपर्यंत आबा झुलले. बाळू माझ्या खांद्यावर गाढ झोपला.

"पुरे, पुरे! घेतली!" मास्तर हळूच म्हणाले.

असोद्याकडे कुणी जात असेल, तर माझ्या आईला एवढं नक्की सांगा: कमळ शाळेत जाते. आणि दुपारी बाळूला आबा झोपवतात. सातच्या पाढ्यावर.