अंतराळातला अर्धा कोयता

पाण्याचा कापलेला जार हेल्मेट म्हणून डोक्यावर चढवून मी आरशासमोर ऐटीत उभा होतो, तेव्हा फोन आला. दिगंबर गेला. दुकानात कापड मोजता मोजता खाली बसला आणि... "नाटकं करू नको बे!" मी ओरडलो. आवाज जारातच घुमला. पलीकडे त्याचा धाकटा भाऊ रडत होता. महिना उलटला, तो घुमलेला आवाज अजून कानांतून जात नाही.

माजलगावात दिगंबरचं कापडाचं दुकान. विमानात कधी बसला नाही, पण गणपतीसाठी त्यानं अंतराळयुद्धाचं नाटक लिहायला घेतलं. लढाऊ दलाची रचना कशी दाखवायची, इथं गाडी अडली. मी सिनेमे पाहून पाठ केलेले हुद्दे झाडायला लागलो, तर म्हणाला, "तुझे हुद्दे कुणाला कळणार हायेत? आपल्याकडं रीत हायेच की. दोन यानं म्हणजे एक कोयता." ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तसंच. अनेक कोयत्यांची टोळी, टोळीवर मुकादम. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याला उड्डाण नाही.

"मी तोडणार, तू मोळ्या बांधणार," त्यानं जाहीर केलं.

"अंतराळात कसल्या मोळ्या बे?"

"शत्रूच्या!"

दुकानातल्या दोन लोखंडी खुर्च्या त्यानं कापडाच्या पट्टीनं एकमेकींना बांधल्या. तीच आमची दोन यानं. तालमीत त्याचं यान पडलं की मी एकटाच शत्रूवर तुटून पडायचो. टाळ्यांची हमखास जागा! पण त्यानं तालीम थांबवली. "न्हाई. जोडीदार पडला तर दुसऱ्यानं लढायचं न्हाई. तळावर परत यायचं अन् काय झालं ते सांगायचं. न्हाईतर मागच्यांना कळणार कसं?"

"आन् टाळ्या?"

"टाळ्या गेल्या खड्ड्यात."

तो गेल्यावर मंडळानं मला दुसरा जोडीदार देऊ केला. मी नको म्हणालो. प्रयोगाला रिकाम्या खुर्चीशेजारी बसलो. त्याचं यान पडायचा प्रवेश आला, तसा उठून पुढं गेलो, जार काढला आणि सांगितलं... दिगंबर दुकानात कापड मोजताना गेला. एकही टाळी पडली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला ती नको होती.

खुर्च्या आता परत दुकानात आहेत, तशाच बांधलेल्या. परवा मी जाऊन माझ्या खुर्चीत बसलो. त्याच्या भावानं गिऱ्हाईक तसंच उभं ठेवलं, मीटरपट्टी हातात घेऊनच आला आणि शेजारच्या खुर्चीत बसला.

"एकट्यानं न्हाई बसायचं, दादा," म्हणाला.