जुन्या साड्यांची एसटी

मी मूळची बदनापूरची. डिझाइन शिकले आणि त्यातच नोकरी करते. घनसावंगीच्या बाजूच्या एका गावात बसथांब्याचा नवा निवारा करायचं काम आमच्याकडे आलं होतं. जुना निवारा बरा होता, पण बायका त्यात बसत नव्हत्या. भर उन्हात रस्त्याकडेला उभ्या राहायच्या. का, ते त्यांच्याकडूनच समजून घ्यायचं होतं.

शाळेच्या वऱ्हांड्यात बैठक घेतली. मी चित्रं दाखवली, प्रश्न विचारले. मागं पंचायतीची माणसं खुर्च्या टाकून बसली होती. "सगळं बराबर आहे," एवढंच बायका म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी चित्रं बाहेर काढलीच नाहीत. दोन जुन्या साड्या मागून घेतल्या, गाठी मारून गोल केला आणि म्हटलं, "ही एसटी. चला, बस बस खेळू." आधी सगळ्या पदराआड हसल्या. मग एक तरुण सून कंडक्टर झाली. सतरंजीची घडी म्हणजे निवाऱ्यातला बाक.

तिच्या सासूबाई आदल्या दिवशी तोंडातून शब्द न काढता बसल्या होत्या. त्या उठल्या, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि झोकांड्या खात येऊन सतरंजीवर आडव्या झाल्या. "कुठं निघाल्या गं पोरीहो? बसा की इथं," जड जिभेनं म्हणाल्या.

बायका पोट धरून हसल्या. मग हसू ओसरलं. सोंग कुणाचं, ते सगळ्यांना कळलं होतं.

"रोज होतं हे?" मागं खुर्चीवर बसलेल्या पंचायतीच्या एकानं विचारलं.

"रोज न्हाई," सासूबाई पडल्या पडल्याच बोलल्या. "पण कोणत्या दिवशी होईल, ते काय माहीत? मंग उन्हातच उभ्या राहतो."

"काल का नाही सांगितलं?" त्यानं विचारलं.

"काल मी मी होते. आज दारुड्या होऊन बोलून राह्यले."

तोही हसला. मग निवाऱ्याची जागाही आम्ही खेळूनच शोधली. सतरंजी उचलून गावभर फिरलो. पिठाच्या गिरणीसमोर ती टाकली, तेव्हा बायका आपणहून बसल्या. तिथं दिवसभर राबता असतो. डेपोची परवानगी मिळायला बराच वेळ गेला, पण निवारा तिथंच झाला, तीन बाजूंनी मोकळा.

नंतर एकदा गेले, तर सासूबाई तिथं बसची वाट पाहत होत्या. मी हळूच विचारलं, "तो दारुडा येतो का इकडं?"

"येतो कधीमधी. मुकाट्यानं बसतो, बस आली की चढतो."