तीन लाल ट्रे

"डोळं हायेत का बटनं?" असं म्हणत ताई माझा पार्ट ट्यूबलाइटखाली तिरका धरायच्या, अंगठ्याचं नख त्यावरून फिरवायच्या आणि नापास मालाच्या लाल ट्रेमध्ये टाकायच्या. सुप्याच्या कारखान्यात मी पार्ट काढायच्या प्रेसवर, त्या तपासणीला. केसाएवढा ओरखडाही त्यांना सापडायचा. मला लई राग यायचा. पण खरं सांगतो, त्यांनी पास केलेला माल कधी परत आला नाही.

मग एका सकाळी त्यांचा उजवा डोळा धूसर झाला, पाय बधिर झाले. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरॉसिस. नसांवरचं आवरण खराब होतं म्हणे. उपचार झाले, डोळा निवळला, ताई कामावर आल्या.

आणि तुम्हाला सांगतो, पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या मालाने तीन लाल ट्रे भरले! मी एकेक पार्ट पुन्हा पाहिला. एकातही खोट नव्हती.

"ताई, हे काय?"

"मला दिसंना रं. समदं धुरकट. चांगलं म्हनून सोडलं अन् खराब निघालं तर?"

साहेबांनी त्यांना डोळे तपासायला पाठवलं. तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा त्यांनी वाचली. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "तक्ता वाचता येतो, मग हे नाटक कशाला?"

ताई हातातला पार्ट खाली ठेवून निघून गेल्या.

आठवड्याने त्यांचे यजमान रजेचा अर्ज घेऊन आले. "जेवत न्हाई, केस इंचरत न्हाई, भिंतीकडं तोंड करून पडून ऱ्हाती," म्हणाले. "डॉक्टर म्हनले, ह्या आजारात मन बी खचतं. मग डोळ्याला दिसतंय त्यापरीस कमीच दिसतंय असं वाटतं. आता त्याची बी गोळी सुरू केलीय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन महिन्यांनी ताई आल्या, काठी टेकत, राजीनामा द्यायला. आठ तास उभं राहणं आता पायांना झेपणार नव्हतं. पण चेहरा टवटवीत. गेटवरची सूचनांची पाटी त्यांनी लांबूनच मोठ्याने वाचून दाखवली.

"लख्ख दिसतंय बग," म्हणाल्या. मग आवाज उतरला. "तवाबी दिसत हुतं रं. पन माझाच माझ्यावर इश्वास न्हवता."

'माफ करा' एवढे दोन शब्द मी तीन महिने घोकत होतो. ऐन वेळी तोंडातून निघालं, "ताई, जेवलात का?"

"व्हय," म्हणाल्या आणि यजमानांच्या गाडीवर बसून गेल्या.

आता त्या लेकीकडे जामखेडला असतात. त्यांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे. अजून लावलेला नाही.