स्टीम बंद केल्यावर

“साहेब, टेम्परेचर चढलंय की. तिसरा ड्रम सोडू का?”

आमचा ऑपरेटर महादेव रिअ‍ॅक्टरच्या प्लॅटफॉर्मवरून विचारत होता. मी म्हणालो, “थांबा. आधी स्टीम बंद करा.”

उमरग्याजवळ हायवेला लागून आमचं छोटं केमिकल युनिट आहे. मी तिथला केमिस्ट. आम्ही अमाइन बनवतो. नाव ऐकून दचकू नका, रंगांचा आणि औषधांचा तो कच्चा माल. नायट्रो नावाचं पिवळं तेल घ्यायचं, त्यातला ऑक्सिजन काढून तिथं हायड्रोजन बसवायचा, की झालं अमाइन. हे काम लोखंडाचा कीस करतो. पाणी, कीस आणि थोडं अ‍ॅसिड स्टीमनं तापवायचं. लोखंड जागं झालं की नायट्रो थोडंथोडं सोडायचं. मग रिअ‍ॅक्शन स्वतःच तापते, स्टीम लागत नाही.

महादेवनं स्टीम बंद केली. टेम्परेचरचा काटा खाली येऊ लागला.

म्हणजे ती उष्णता नुसती बॉयलरची होती. रिअ‍ॅक्शन सुरूच झाली नव्हती आणि दोन ड्रम नायट्रो आत तसंच पडून होतं. मी फिल्टर पेपरवर आतला थेंब टाकला, त्यावर सोडियम सल्फाइडचा थेंब. लोखंड जागं असेल तर डाग काळा होतो. झाला नाही. कीस पाहिला. नवा माल, लेथच्या तेलानं माखलेला. सोड्याच्या गरम पाण्यात धुवायचा राहिला होता, आणि तेलाच्या थरातून अ‍ॅसिड लोखंडाला लागतच नव्हतं.

“रोजचाच हाय म्हणून टाकला, साहेब,” महादेव म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

तेवढ्यात शेठचा फोन. “अ‍ॅसिड वाढवा की. माल न्यायला गाडी दारात उभी आहे.”

“एकदम वाढवलं तर सगळंच एकदम उसळेल, शेठ.”

“असं आपल्याकडं कितीदा झालंय?”

“एकदाच होतं, शेठ.”

मी सगळ्यांना गेटबाहेर लिंबाखाली पाठवलं. महादेव हलेना. “म्या थांबतो.”

“पोरं शाळेतून यायची वेळ झाली तुमची. जा.”

तो गेला. मग मी आणि आत ढवळत फिरणारा स्टरर. चमचाभर वाढावं तसं थोडं अ‍ॅसिड सोडायचं, थांबायचं, पेपर बघायचा. एक हात रिअ‍ॅक्टरभोवतीच्या थंड पाण्याच्या व्हॉल्व्हवर. भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त एकटं वाटत होतं. बायको जाऊन काही वर्षं झाली. मुलगी बेंगळुरूला. उमरग्यात माझी एक खोली आहे. अमाइनचा वास कपड्यांतून जात नाही, त्यामुळं एसटीत माझ्या शेजारची सीट बहुतेक रिकामीच असते. मी त्याची थट्टा करत आलोय. त्या दुपारी थट्टा सुचली नाही.

अखेर डाग काळा झाला. स्टीम बंद असताना काटा आपोआप वर निघाला, आणि भराभर निघाला. मी पाणी पूर्ण सोडलं. तरी काटा चढतच होता. पळावंसं वाटलं. मग तो थबकला, थोडा थरथरला आणि हळूहळू उतरू लागला.

बाहेर आलो तर महादेव गेटलाच उभा. घरी गेलाच नव्हता. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. मग म्हणाला, “साहेब, एक इचारू? तुमचं कमीजास्त झालं असतं, तर आमी फोन कुणाला लावायचा हुता? आमच्याकडं तुमच्या घरचा नंबरच न्हाय.”

“शेठला.”

“शेठ आधी गाडीचंच इचारतेत.”

मी हसलो. पण इतकी वर्षं इथं काम करून मी मुलीचा नंबर कुणाला दिला नव्हता, आणि कुणी मागितलाही नव्हता.

बॅच पास झाली. गाडी उशिरा गेली, शेठ दोन दिवस धड बोलले नाहीत. केमिस्टसाठी यातला धडा एका ओळीचा आहे: स्टीम बंद करा, मगच टेम्परेचर वाचा.

त्याच दिवशी संध्याकाळी मुलीला फोन केला. प्लँटचं काही सांगितलं नाही. तिचा नंबर महादेवला दिलाय म्हटलं, आणि त्याचा तिला लिहून घ्यायला लावला.

“हे कोण, बाबा?” तिनं विचारलं.

“इथं असतात,” मी म्हणालो. “माझ्याजवळ.”