फणसवाडीतला अँप्लिफायर

शरदचंद्र धैर्यवान यांच्या आडनावाची वाडीत चेष्टा व्हायची, आणि ती त्यांच्या तोंडावरच व्हायची, कारण ते रागावत नसत. रस्त्यात कुत्रे आडवे आले तर ते मुकाट्याने पलीकडच्या फुटपाथवर जात. कचेरीत साहेबांच्या खोलीत शिरण्याआधी कोटाची बटणे दोनदा चाचपत. फोर्टातल्या एका केंद्र सरकारी कचेरीत एकोणीस वर्षे कारकुनी केलेला, फणसवाडीतच जन्मलेला, जुन्या प्रभू घराण्यातला हा माणूस. आजोबांच्या वेळी ठाकुरद्वारला अख्खे घर होते म्हणतात. शरदचंद्रांपर्यंत पोचले ते आडनाव, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या.

त्यांतल्या आतल्या खोलीत मात्र अशी एक वस्तू होती की जिच्यापुढे साहेबसुद्धा हात मागे बांधून उभे राहिले असते. ग्रँट रोडच्या एका पारशी इंजिनियराने सन छत्तीस साली स्वतःच्या हातांनी बांधलेला तो अँप्लिफायर होता. लोखंडी कपाटाएवढा, काळा, पुढे काट्यांच्या चार तबकड्या. आत नारळाएवढे दोन काचेचे व्हॉल्व्ह, आणि त्यांच्या खाली आणखी दोन, ज्यांच्यात सुरू केल्यावर निळाजांभळा उजेड थरथरायचा. लढाईत सरकारने असली सगळी यंत्रे जमा करून घेतली होती. यंत्र परत आले तोवर इंजिनियर वारले होते. त्यांच्या विधवेकडे पुष्कळजण आले ते लोखंडाचे वजन विचारायला. एकट्या शरदचंद्रांनी विचारले की, साहेब यावरून कुठवर बोलायचे? बाई रडल्या आणि म्हणाल्या, "दीकरा, लई जा." बाळा, घेऊन जा.

चार हमालांनी तीन जिने चढवून तो वर आणला. त्याला जागा करायची म्हणून राजलक्ष्मीबाईंचे लग्नातले आरशाचे कपाट बाहेरच्या खोलीत ढकलले गेले. नवऱ्याला त्यांनी बाकी सगळे माफ केले, हे नाही.

शरदचंद्र हौशी बिनतारीवाले होते. सरकारी परवाना काढून, घरबसल्या जगातल्या आपल्यासारख्याच वेड्यांशी रेडिओवरून बोलायचे. टेबलावरचा लहान सेट आवाज तयार करी, आणि हे काळे धूड त्याला असा जोर देई की तो समुद्र ओलांडून जाई. ते आले त्या दिवशी वाडीतली माणसे बघायला जमली, आणि जन्मात एकदाच शरदचंद्र बढाई मारते झाले. "हा अँप्लिफायर. माझा आवाज शंभरपट मोठा करतो!" पुढे या वाक्याने त्यांचा पिच्छा पुरवला.

मायक्रोफोन हातात आला की हा माणूस ओळखू येत नसे. नळावर कुणी मध्ये घुसले तर "अहो" म्हणायची ज्याला चोरी, तो मॉरिशसच्या मास्तरांशी थट्टा करी, नैरोबीजवळच्या टॉम नावाच्या कॉफीमळेवाल्याला दर शनिवारी साडेसहाला भेटे आणि खळखळून हसे. पण परवान्याला दोन पाने नियम जोडलेले होते. राजकारण बोलायचे नाही. बातमी द्यायची नाही. दुसऱ्या कुणाचा निरोप पोचवायचा नाही. यंत्राचे बोलायचे, हवापाण्याचे बोलायचे आणि नमस्कार करायचा. चोरून ऐकायला सरकारी माणसे बसवलेली असत. शरदचंद्रांना ती दोन पाने आरतीसारखी पाठ होती, कारण परवाना गेला तर सरकारी नोकराची नोकरीही जाणार हे त्यांना पक्के ठाऊक होते.

मग छप्पन साल उजाडले. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही असे रेडिओवर सांगितले गेले आणि जानेवारीत गिरगाव पेटले. गोळीबार झाले. तळमजल्यावरच्या यशोदाबाईंचा बंडू, छापखान्यात खिळे जुळवणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, काय चालले आहे ते बघायला नाक्यापर्यंत गेला आणि परत आला नाही. उशिरा झालेला, एकुलता एक. नवरा आधीच गेलेला. या यशोदाबाईंनी शरदचंद्रांना तान्हेपणी कडेवर खेळवले होते. त्यांच्या आईला टायफॉइड झाला तेव्हा दीड महिना त्यांना भरवले होते.

शरदचंद्र रडले, खरेच रडले, पण स्मशानात गेले नाहीत. कचेरीत सर्क्युलर फिरले होते. सभा, मिरवणूक, अंत्ययात्रा, कशातही सरकारी नोकराने दिसता कामा नये. सगळ्यांनी वाचून सह्या केल्या होत्या.

मार्चमध्ये वाडीच्या चौकात शोकसभा ठरली. संयुक्त महाराष्ट्र समितीचे वाडीतले काम जयवंत नावाचा एक तरुण मास्तर बघायचा. तो दोघांना घेऊन वर आला.

"काका, लालबागच्या दत्तारामचा लाऊडस्पीकर सांगितला होता. त्याचं चांगलं मशीन पोलिसांनी उचलून नेलं. कर्णे आहेत, अँप्लिफायर नाही. तुमचा द्या. एका संध्याकाळपुरता."

"अरे, हा तसला नाही."

"तसला म्हणजे कसला?"

"यानं इथे आवाज मोठा होत नाही." शरदचंद्र शब्द शोधू लागले. "तिकडे मोठा होतो. समुद्रापलीकडे."

"म्हणजे आफ्रिकेत ऐकू जातो आणि खाली चौकात नाही?"

"हो."

खरे तेच होते, पण तिघांच्या चेहऱ्यांकडे बघून शरदचंद्रांना स्वतःलाच ते खोटे वाटले.

"शंभरपट करतो म्हणून तुम्हीच तर सांगितलं होतंत. मी होतो की इथे," जयवंत म्हणाला. "काका, द्यायचा नसेल तर नाही म्हणा. सरकारी माणूस आहात, समजतो आम्ही. पण असं उल्लू नका बनवू."

यात दोन हजार व्होल्ट असतात, हात लागला तर माणूस जागच्या जागी जाईल, हे सांगायचे राहून गेले. सांगितले असते तरी ती धमकी वाटली असती. राजलक्ष्मीबाई चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा तिघे जिना उतरत होते.

शनिवारी दत्तारामने कुठून तरी एक म्हातारे मशीन पैदा केले. गॅलऱ्यांच्या कठड्यांना कर्णे बांधले आणि त्यांची वायर तिसऱ्या मजल्यावरून नेली, अगदी शरदचंद्रांनी रेडिओसाठी बाहेर ताणलेल्या एरियलच्या तारेखालून. राजलक्ष्मीबाई आणि मुलगी नलू पांढरी लुगडी नेसून निघाल्या.

"तुम्ही?"

"सर्क्युलर आहे ना."

"मग गॅलरीत तरी उभे राहा. यशोदाकाकू वर बघतील हो."

"गॅलरीतही दिसतोच की माणूस."

दार लागले. शरदचंद्रांनी खिडक्याही लावून घेतल्या. खालून भाषणाचे शब्द तरीही येतच होते. बंडूचे नाव मध्येमध्ये येत होते. ते ऐकू येऊ नये म्हणून कानांना हेडफोन लावण्यापलीकडे त्यांना काही सुचले नाही. साडेसहा वाजत आले होते, टॉम वाट बघत असणार. त्यांनी अँप्लिफायर सुरू केला. यात छंद नव्हता, निव्वळ भीती होती, आणि भीतीची लाज.

टॉमने पहिलाच प्रश्न टाकला. टपालाने आलेल्या जुन्या पेपरात आत्ता वाचले, जानेवारीत मुंबईत गोळ्या चालल्या, बरीच माणसे मेली. तुम्ही ठीक आहात ना?

परवान्याची ती दोन पाने शरदचंद्रांच्या डोळ्यांपुढून गेली. मग मायक्रोफोनचे बटण दाबून ते बोलले, नेहमीच्या खणखणीत आवाजात, "ऑल क्वाएट इन बॉम्बे, ओल्ड मॅन. नथिंग टू रिपोर्ट. वेदर इज फाइन." ओल्ड मॅन हे या हौशी लोकांचे एकमेकांना प्रेमाने हाक मारणे.

मग त्यांनी हवेतल्या ओलाव्याबद्दल सांगितले. दोन-तीन मिनिटे सांगितले असेल. दारावर धक्के बसत होते ते त्यांना आधी कळलेच नाही. दार उघडले तर नलू, धापा टाकत, रडत. "बाबा, बंद करा ते! तुम्ही खाली बोलताय!"

"खाली? मी तर इथे..."

"कर्ण्यातून बोलताय!"

खाली चौकात त्या वेळी सगळी वाडी बंडूसाठी दोन मिनिटे शांत उभी होती. यशोदाबाई बंडूचा फोटो छातीशी धरून पुढे होत्या. तेवढ्यात कर्णे खरखरले आणि शरदचंद्रांचा आवाज चौकभर घुमला. मुंबईत सगळे शांत आहे. सांगण्यासारखे काही नाही. हवा छान आहे. ज्यांना इंग्रजी येत नव्हते त्यांना शेजारच्याने समजावले.

आता शरदचंद्र कितीही सांगोत की आपल्या एरियलच्या जोराने खालच्या वायरीने आवाज आपसूक ओढून घेतला, म्हातारे मशीन त्याला बळी पडले, हे आपल्या हातात नव्हते. ऐकणार कोण? जयवंतने चार लोकांत विचारले, "परवा म्हणालात, यानं इथे आवाज मोठा होत नाही. आज म्हणता, झाला. यातलं खोटं कुठलं?" दोन्ही खरे होते. दोन्ही खरे असल्यामुळेच माणूस पुरता अडकला. सरकारने सभा उधळायला घरातच माणूस ठेवला आहे, असे त्या रात्री वाडीत ठरून गेले.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास जिन्यावर पावले वाजली. जयवंत, दत्ताराम आणि मागून कठड्याला धरत, प्रत्येक मजल्यावर दम घेत यशोदाबाई. राजलक्ष्मीबाईंनी त्यांना पाट दिला. त्या खाली बसल्या आणि निळ्या उजेडाच्या जागेकडे बघत राहिल्या.

दत्ताराम यंत्राभोवती फिरला. मालवणी मुलखातला माणूस, आयुष्य कर्णे बांधण्यात गेलेले. "असा होता कधीकधी. वायर आवाज खेचून घेता," तो म्हणाला. "ह्यांचा खरा असात. परत करून बघूया. माझा मशीन खाली तसाच लावलेला हा."

शरदचंद्रांना एवढे हलके किती दिवसांत वाटले नव्हते. आपल्याला देता येईल असे काहीतरी कुणीतरी पहिल्यांदाच मागत होते. त्यांनी खिडक्या उघडल्या. चौकात माणसे वर बघत उभी होती. व्हॉल्व्ह तापले, उजेड थरथरला, आणि शरदचंद्रांनी आपल्या परवान्याचा नंबर उच्चारला. खालच्या चारही कर्ण्यांनी तो जसाच्या तसा म्हटला.

"बरोबर! माणूस खरो!" दत्ताराम ओरडला. खालीही कुजबुज झाली. जयवंतने मान खाली घातली आणि म्हणाला, "काका, चुकलो." शरदचंद्रांच्या डोळ्यांत पाणी आले. आता चहा टाकावा असे राजलक्ष्मीबाईंच्या मनात आले.

"शरद," यशोदाबाई म्हणाल्या, "हे आत्ता तिकडेही ऐकू जातंय?"

"जात असेल, काकू."

"काल सांगितलंस, सगळं शांत आहे. तुला नाइलाज असेल, मी काही म्हणत नाही. पण ते तसंच राहिलं ना तिकडे. आता एवढंच सांग, शांत नव्हतं. आमचा बंडू गेला. दुसरं काही नको बोलूस."

शरदचंद्रांनी मायक्रोफोन उचलला. त्यांना बोलायचे होते. या बाईने आपल्या हाताने भरवलेला घास त्यांना आठवला. त्याच वेळी सर्क्युलरखालची स्वतःची सही आठवली, ऐकायला बसलेली माणसे आठवली, नलूची मॅट्रिक आठवली, आणि घरभाडे भरणारे या घरात आपण एकटेच आहोत हेही आठवले. त्यांनी बटण दाबले. ओठ मिटले, बंडूतला 'बं' म्हणायला मिटतात तसे. आणि ते उघडेनात.

खाली कर्ण्यांतून आधी घूं असा आवाज आला. मग श्वास. जिना धावत चढून आलेल्या माणसाचा असावा तसा, मोठा, तुटक, एकामागून एक. चौकात उभ्या असलेल्यांनी तो ऐकला, समोरच्या गॅलरीतल्या बायकांनी ऐकला. उघड्या खिडकीतून तो परत वर येत होता आणि शरदचंद्रांनाही ऐकू येत होता, तरी त्यांना थांबवता येत नव्हते. नलू पुढे सांगायची की ते एक मिनिटभर चालले. राजलक्ष्मीबाईंनी पदर तोंडावर घेतला. जयवंत काही बोलणार होता, त्याला यशोदाबाईंनी हातानेच थांबवले. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, शरदचंद्रांजवळ आल्या आणि लहानपणी ठेवायच्या तसा त्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"पुरे, शरद. किती घाबरलायस रे बाळा. सगळ्यांना ऐकू येतंय."

शरदचंद्रांचे बोट अजून बटणावरच होते. त्यामुळे हे वाक्य खाली चौकात गेले, आणि समुद्रापलीकडेही गेले.